सायकोपॅथी आणि हिंसा: ‘सायको’ म्हणण्याआधी

खुनाची बातमी सकाळी येते. दुपारपर्यंत तपशील बाहेर पडतात, आणि ते अंगावर काटा आणणारे असले की संध्याकाळी निकाल लागलेला असतो: सायको होता. सोलापुरात सात रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या खालच्या पट्टीपर्यंत सगळीकडे तेच. कारण सापडलं, आता पुढची बातमी.

या निकालात दोन अगदी उलट्या कल्पना एकत्र कोंबलेल्या असतात. एक, त्याचं डोकं फिरलं होतं, आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. दुसरी, तो थंड डोक्याचा होता, सगळं ठरवून केलं. बोलणारा दोन्ही एका दमात बोलून जातो, ऐकणारा मान डोलावतो. मानसशास्त्रात मात्र या दोन माणसांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

त्याआधी एक आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदलेले आहेत. त्यांतले ९,९६२, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, वादातून घडलेले: जमीन, पैसा, पाणी, घरातली भांडणं. बांधावरून भावकीत कुऱ्हाड निघते, दारू चढल्यावर मित्रच मित्राच्या डोक्यात दगड घालतो. जिल्ह्याच्या पानावर रोज दिसणारी हिंसा ती हीच. ती करणारे बहुतेक जण आपल्यासारखेच रागावणारे, घाबरणारे आणि नंतर कपाळावर हात मारून घेणारे असतात. तेव्हा सायकोपॅथी समजली की खून का होतात ते समजेल, अशी अपेक्षा धरू नका. एका लहान पण भयंकर कोपऱ्यावर थोडा उजेड पडेल.

## भान सुटलेला माणूस वेगळा

वास्तवाचं भान सुटणं याला सायकोसिस म्हणतात. नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्या जेवणात विष कालवतोय अशी पक्की खात्री वाटते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात हे होतं आणि औषधांनी ते बऱ्याच अंशी आटोक्यात येतं.

महाराष्ट्राला माहीत असलेलं नाव घ्यायचं तर रामन राघव. मुंबईत रस्त्याकडेला आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना ठार मारणारा हा माणूस १९६८ मध्ये पकडला गेला. न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासलं, तेव्हा तो दीर्घकाळ स्किझोफ्रेनियाने आजारी असल्याचं आणि पक्क्या भ्रमांच्या जगात वावरत असल्याचं निष्पन्न झालं. फाशीची जन्मठेप झाली, आणि १९९५ मध्ये तो वारला. लोक आजही त्याला ‘सायको’ म्हणतात. पण तो सायकोसिसचा रुग्ण होता, आणि या लेखाचा विषय तो नाही.

सायकोपॅथीत भ्रम नसतात, आवाज नसतात. आपण काय करतोय, ते कायद्याने गुन्हा आहे, पकडलो गेलो तर काय होईल, हे सगळं त्या माणसाला स्वच्छ माहीत असतं. उणीव जाणिवेत नसते, भावनेत असते.

ही सरमिसळ कुणाला महागात पडते तेही सांगून टाकतो. सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीबाहेर नातेवाइकांसोबत बसलेल्या रुग्णांना. त्यांच्यातले बहुतेक कुणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाण्याची, फसवले जाण्याची पाळी त्यांच्यावरच जास्त येते. टीव्हीवर ‘मनोरुग्ण खुनी’ झळकलं की गल्लीतले लोक याच माणसाला टाळू लागतात आणि घरचे त्याची गोळी लपवून द्यायला लागतात.

## वीस मुद्दे, चाळीस गुण

हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ मध्ये अशा माणसांची बारकाईने वर्णनं लिहिली. बोलायला गोड, हुशार, जराही न गडबडणारी. पण खोटं बोलणं सहज, लाज नाही, पश्चात्ताप नाही, कुणावर खरा जीव नाही. लक्षात घेण्यासारखं हे की क्लेक्लीने वर्णिलेली बरीचशी माणसं खुनी नव्हती. घर बुडवणारी, नोकऱ्या सोडणारी, सासऱ्याचे पैसे उडवून पुन्हा त्याच दारात हसत उभी राहणारी होती. सायकोपॅथ म्हटल्यावर डोळ्यांसमोर सुरा येतो तो नंतरच्या सिनेमांमुळे.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांवर काम करून मोजमापाची यादी तयार केली. पहिलं रूप १९८० चं, सुधारलेलं १९९१ चं. यादीत २० मुद्दे आहेत: वरवरचं गोड बोलणं, स्वतःबद्दल फुगलेली कल्पना, सराईत खोटेपणा, दुसऱ्याला वापरून घेणं, पश्चात्तापाचा अभाव, उथळ भावना, दुसऱ्याच्या जिवावर जगणं, उतावळेपणा, बेजबाबदारपणा, लहानपणापासूनची वाईट वर्तणूक, निरनिराळ्या प्रकारचे गुन्हे, वगैरे. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. कमाल बेरीज ४०. अमेरिका-कॅनडात ३० आणि त्यापुढे गेलेल्याला सायकोपॅथ धरतात; युरोपात बरेचदा २५ ची रेघ आखतात.

रेघ सरकवता येते याचा अर्थ एवढाच की हा हो किंवा नाही असा मामला नाही. हे गुण थोडेथोडे सगळ्यांत असतात, काहींत पुष्कळ असतात. २९ वाला साधुसंत आणि ३१ वाला राक्षस असं काही होत नाही.

शिवाय गुण द्यायचे ते प्रशिक्षित माणसाने, सविस्तर मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं चाळून, कारण समोरचा खोटं बोलण्यात पटाईत असू शकतो हे गृहीतच आहे. ‘तुमचा बॉस सायकोपॅथ आहे का, दहा प्रश्नांत ओळखा’ असल्या मोबाइलवरच्या चाचण्या करमणूक म्हणून सोडून द्याव्यात.

डॉक्टरांच्या निदान-पुस्तिकेत सायकोपॅथी हे स्वतंत्र निदान नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. तिथे ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’ आहे, आणि तो मुख्यतः वर्तनावरून ठरतो: कायदा मोडणं, फसवणं, मारामाऱ्या. हे जाळं बरंच मोठं आहे. २००२ मध्ये १२ देशांतल्या सुमारे २३,००० कैद्यांच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांना हे निदान लागू पडलं. हेअर यांच्या रेघेवरचे त्याहून खूप कमी भरतात. उत्तर अमेरिकेतल्या तुरुंगांत साधारण १५ ते २५ टक्के, आणि तुरुंगाबाहेरच्या समाजात एखादा टक्का.

## धागा तुटला की माग थांबतो

यंत्रमागांच्या गावात राहतो, म्हणून उदाहरण तिथलंच. माग वेगात चालू असताना आडवा धागा तुटला, तर माग आपोआप थांबवणारी एक सोय त्यात असते. कामगार येतो, धागा जोडतो, चादर पुढे सरकते. ही सोय बिघडली तर धागा तुटल्याचं मागाला कळतच नाही. तो त्याच खडखडाटात चालत राहतो.

माणसाच्या मनातही अशी थांबवणारी सोय असावी, असं जेम्स ब्लेअर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये मांडलं. समोरच्याचा भेदरलेला चेहरा, त्याचं रडणं, आक्रसलेलं अंग हा तुटलेला धागा. तो दिसला की आपला हात अर्ध्यावर थांबतो. दोन वर्षांचं पोर धाकट्याला ढकलतं, धाकटं भोकाड पसरतं आणि ढकलणाऱ्याचंही तोंड रडवेलं होतं, हे प्रत्येक घरात पाहायला मिळतं. असं शेकडो वेळा झालं की मुलाला ‘मारू नये’ हे सांगावं लागत नाही. मारण्याच्या विचारानेच पोटात कसंतरी होतं. आपण ज्याला सदसद्विवेक म्हणतो त्याचा पाया बराचसा असा घडतो.

सायकोपॅथीत ही सोय कमजोर असते. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला, अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका आणि भीती ओळखण्यात तो महत्त्वाचा. सायकोपॅथीचे गुण जास्त असलेल्या लोकांत तो इतरांइतका जागा होत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. समाजविघातक वर्तन असलेल्या लोकांवरचे अभ्यास २००८ मध्ये एकत्र करून पाहिले, तेव्हा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्यात ते ठळकपणे मागे पडत असल्याचं आढळलं.

त्यांची स्वतःची भीतीही मंदच. हेअर यांनी १९६० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आकडे ओळीने येत जाणार आणि एका ठरलेल्या आकड्याला विजेचा झटका बसणार. तो आकडा जवळ येतो तसा साधारण माणसाच्या तळहाताला घाम फुटायला लागतो. सायकोपॅथ कैद्यांना तो फारच थोडा आणि उशिरा फुटला. झटका बसणार हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. अंगाला मात्र त्याची पर्वा नव्हती. शिक्षेच्या धाकाने ही माणसं का सुधारत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

यात एक विचित्र मेख आहे. नेदरलँड्समध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकोपॅथ गुन्हेगारांना एकाने दुसऱ्याच्या हाताला इजा केल्याच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. नुसतं बघताना त्यांचा मेंदू थंड राहिला. मग सांगितलं, की आता त्याला काय वाटत असेल ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा. तेव्हा त्यांच्या आणि सामान्य लोकांच्या मेंदूतला फरक बराच कमी झाला. म्हणजे सोय साफ मोडलेली नसावी. आपल्यात ती आपोआप चालते, त्यांच्यात मनावर घेतलं तर चालते, आणि मनावर घ्यायचं त्यांना सहसा काही कारण नसतं. दुसऱ्याची दुखरी नस ओळखण्यात काही जण इतके तरबेज कसे असतात, याचाही थोडा उलगडा यातून होतो.

## मोटार वेगळी

थांबवणारी सोय बिघडली म्हणून माग आपोआप सुरू होत नाही. त्याला मोटार लागते. हिंसेची मोटार म्हणजे हाव, हुकमत गाजवण्याची भूक, सूड, नशा, कधी नुसता कंटाळा. सायकोपॅथी ही मोटार पुरवतेच असं नाही.

हिंसेचे ढोबळ दोन प्रकार मानतात. एक भडक्यातली: शिवी दिली, डोकं फिरलं, हात चालला. दुसरी हेतूसाठी वापरलेली: पैसा हवा, वाटेतला माणूस दूर करायचा, दहशत बसवायची. कॅनडात खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या १२५ कैद्यांची कागदपत्रं २००२ च्या एका अभ्यासात तपासली. सायकोपॅथांनी केलेल्या खुनांपैकी ९३ टक्के मुख्यतः हेतूसाठी केलेले होते. बाकीच्यांत हे प्रमाण ४८ टक्के. पहिला आकडा सगळीकडे छापून येतो, दुसऱ्याकडे कुणी पाहत नाही. सायकोपॅथ नसलेल्यांचेही जवळजवळ निम्मे खून असे हेतू ठेवून केलेले होते. ‘इतक्या थंड डोक्याने केलं म्हणजे सायकोपॅथच’ हा तर्क तिथेच गळून पडतो.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवा. जानेवारी १९७६ पासून चौदा-पंधरा महिन्यांत दहा माणसं मारली गेली. मारणारे चौघे एका कला महाविद्यालयाचे, म्हणजे चित्रकला शिकणारे विद्यार्थी. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र, खंडणीसाठी. पुढचे बहुतेक खून लुटीसाठी, माणसं घरात असताना. १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. सगळं हेतूसाठी, ठरवून. पण चौघांच्या डोक्यात एकच दोष निघावा आणि ते एकाच कॉलेजात भेटावेत, हे पटण्यासारखं आहे का? टोळीत एक पुढे असतो. बाकीचे त्याच्या धाकाने, चटकेने किंवा ‘आता मागे फिरता येत नाही’ म्हणून ओढले जातात. पहिल्या खुनाच्या वेळी सोबत असलेला पाचवा मित्र पुढे माफीचा साक्षीदार झाला. साध्या माणसाची थांबवणारी सोयही सोबतीने, सवयीने आणि हावेने बंद पडू शकते. दंगलींचा इतिहास दुसरं काय सांगतो?

तरी सायकोपॅथीचा आणि हिंसेचा संबंध आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तुरुंगातून सुटलेल्यांवरच्या अभ्यासांचा १९९८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा वर्षभरात पुन्हा हिंसक गुन्हा करण्याचं प्रमाण सायकोपॅथ कैद्यांत इतरांच्या चौपट निघालं.

मात्र हे भाकीत यादीतल्या कोणत्या मुद्द्यांवरून होतं ते पाहिलं की धक्का बसतो. यादीचे दोन भाग पडतात. पहिला भावनेचा: गोड बोलणं, दगडी काळीज, पश्चात्ताप नसणं. दुसरा जगण्याच्या तऱ्हेचा: उतावळेपणा, बेजबाबदारपणा, लहानपणापासूनच्या मारामाऱ्या आणि चोऱ्या. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं, की हिंसेचं भाकीत मुख्यतः दुसऱ्या भागावरून होतं. पहिल्या भागाची त्यात फारच थोडी भर. ज्या थंड काळजाला आपण इतके घाबरतो ते एकटं असेल तर माणूस कदाचित आयुष्यभर कुणाच्या अंगाला बोट लावणार नाही. तो भिशी बुडवील, भागीदाराला रस्त्यावर आणील, तीन घरं उद्ध्वस्त करील आणि गड्ड्याच्या जत्रेत नव्या कपड्यांत भेटला तर आपली विचारपूस करून पुढे जाईल.

## ‘हे तर गोलगोल फिरणं झालं’

चाणाक्ष वाचकाने पकडलं असेल. गुन्हे केले म्हणून यादीत गुण द्यायचे आणि मग जास्त गुणवाले जास्त गुन्हे करतात असं म्हणायचं! हा आक्षेप संशोधकांनीच घेतला आहे आणि माझ्या मते तो बराचसा बरोबर आहे. जुनं वर्तन पुढच्या वर्तनाचा अंदाज देतं, हे सांगायला मेंदूत शिरायची गरज नाही.

गुण देणाऱ्याची बाजूही आड येते. अमेरिकेत २०१३ च्या एका प्रयोगात शंभराहून अधिक तज्ज्ञांना त्याच त्या गुन्हेगारांची कागदपत्रं दिली. काहींना सांगितलं, तुम्हाला सरकारी पक्षाने नेमलंय. काहींना सांगितलं, बचाव पक्षाने. सरकारी बाजूच्या समजुतीने बसलेल्यांनी सरासरीने जास्त गुण दिले. तज्ज्ञही माणूसच.

मग सरळ मेंदूचा फोटो काढावा? जेम्स फॅलन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने खुन्यांच्या मेंदूंची चित्रं अभ्यासताना आपल्याच घरच्यांचीही चित्रं काढली होती. त्यातलं एक अगदी खुन्यांसारखं दिसलं. बघतो तर ते त्याचं स्वतःचं. संसारी प्राध्यापक, हिंसेचा मागमूस नाही. मेंदूचे अभ्यास गटांच्या सरासरीतला फरक दाखवतात, समोरच्या खुर्चीतल्या माणसाबद्दल ग्वाही देत नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यात, संमतीशिवाय आरोपीची नार्को, लाय-डिटेक्टर किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी करता येणार नाही, असं स्पष्ट केलं आहे.

## ‘असले लोक जन्मतःच तसे असतात’

याला थोडा आधार आहे. ब्रिटनमधल्या सात वर्षांच्या जुळ्या मुलांवरचा २००५ चा अभ्यास सांगतो, की दुसऱ्याच्या दुःखाबद्दल थंड असण्यात मुलामुलांत जो फरक पडतो, त्यातला जवळपास दोन तृतीयांश आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. हा फरक पुष्कळ मुलांच्या गटातला. एका मुलाच्या स्वभावाचे दोन हिस्से रक्ताचे आणि एक घरचा, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

शिवाय रक्तातलं ते अटळ, असंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आईचं वर्तन तीव्र समाजविघातक असेल, तर तिच्यापासून दूर वाढलेल्या मुलांतही सव्वादोन वर्षांच्या सुमारास थंडपणाची चिन्हं जास्त दिसली. पण दत्तक आई भरपूर कौतुक करणारी, शाबासकी देणारी असेल, तर हा वारसा फारसा उमटला नाही.

‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेचं काय होतं ते सोलापूरला कुणी शिकवायची गरज नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. इथे तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, त्यात पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबं कोंडली. गिरणीत राबायचं आणि हजेरी द्यायची. मूल जन्माला यायचं तेच कुंपणाच्या आत आणि गुन्हेगार म्हणून. देश स्वतंत्र झाला तरी त्यांची सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, म्हणजे पाच वर्षं आणि सोळा दिवस जास्त. त्या भागाला गावात आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात, आणि तिथला पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो हे तिथल्या पोरांना विचारा.

तेव्हाही ‘शास्त्र’ पुढे केलं जात होतं. कुणाच्या मनाची परीक्षा झाली नव्हती, आईबापाची जात बघितली होती. आजच्या संशोधनात कुठल्याही जातीला, धर्माला, वस्तीला सायकोपॅथी चिकटलेली नाही; ती घराघरांतल्या एकट्यादुकट्या माणसांत आढळते. तरीही ‘जनुकांतच असतं’ असं कुणी सहज म्हणालं की मला ते कुंपण आठवतं.

## ‘सोयच बिघडली तर मागाला शिव्या देऊन काय उपेग?’

हा प्रश्न आमच्या शेजारच्या मामांचा. आयुष्य मागांवर गेलेलं. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, “सर, सोयच बिघडलेली असंल तर मागाला शिव्या देऊन काय उपेग?”

म्हटलं, “मामा, कायदा सोय बघत नाही. तुम्हाला कळत होतं का, एवढंच बघतो.”

आपल्या कायद्यात, पूर्वीच्या दंड संहितेचं कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२, कसोटी अशी: मनोविकारामुळे त्या क्षणी कृत्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं, बेकायदा असल्याचं समजण्याची क्षमता नव्हती का? सायकोपॅथला हे समजत असतं. म्हणून त्याला सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एका निकालात सायकोपॅथच्या अनावर वर्तनाला या कलमाचं संरक्षण मिळत नाही असं म्हटलं, आणि त्याच वाक्यात हा कायदा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कालबाह्य नियमांवर उभा असल्याची नोंदही केली.

शिक्षा किती, हा पुढचा प्रश्न. फाशीचा विचार होत असेल तर आरोपीचं मानसिक मूल्यमापन न्यायालयापुढे आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. तिथे ‘सायकोपॅथ’ हा शिक्का दुधारी ठरू शकतो. एकाला त्यात माणसाची मर्यादा दिसेल, दुसऱ्याला ‘हा सुधारणार नाही, संपवा’ असं वाटेल. मामांना माझं उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न तत्त्वज्ञांनाही नीट सुटलेला नाही.

## ‘यावर औषध नाहीच ना?’

गोळी नाही. पण ‘उपचाराने सायकोपॅथ आणखी बिघडतात’ हे जे ऐकवलं जातं, त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. कॅनडात ओंटारियोतल्या एका कडेकोट मनोरुग्णालयात १९६० आणि ७० च्या दशकांत एक अचाट प्रयोग झाला. रुग्णांनीच एकमेकांवर उपचार करायचे, दिवसच्या दिवस एकत्र कोंडून घ्यायचं, कधी नग्न बसवायचं, कधी एलएसडी हे भास घडवणारं ड्रग द्यायचं. १९९२ मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्यातून गेलेल्या सायकोपॅथांपैकी ७७ टक्क्यांनी पुन्हा हिंसक गुन्हा केलेला होता. उपचार न मिळालेल्या सायकोपॅथांत हे प्रमाण ५५ टक्के. त्यावरून सगळ्या उपचारांवर फुली मारली गेली. असल्या कोंडवाड्यातून काय शिकून माणूस बाहेर पडणार होता?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा इथे १९९५ पासून वेगळी वाट धरली. सुधारगृहांनी हात टेकलेल्या, अत्यंत हिंसक मुलांसाठी हे केंद्र. शिक्षेचा धाक त्यांना लागू पडत नाही हे मान्य करून, चांगल्या वागण्याचा मोबदला रोजच्या रोज द्यायचा आणि चिघळत जाणारं वैर तोडायचं, अशी पद्धत. तशाच मुलांच्या दुसऱ्या गटाशी तुलना केली, तेव्हा त्या गटातल्या मुलांनी सुटकेनंतरच्या काही वर्षांत १६ जणांचे जीव घेतले होते. मेंडोटात उपचार घेतलेल्यांपैकी एकानेही खून केला नव्हता. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे जरा सावधपणेच हा निष्कर्ष घ्यावा. तरी ‘काहीच होत नाही’ हे त्यातून खोटं ठरतं.

आईबापांचा प्रश्न येतोच: पोरगा कुत्र्याच्या पिलांना दगड मारतो, खोटं बोलतो, तो तसाच निघणार का? बहुतेक मुलं तशी निघत नाहीत. मुलांना सायकोपॅथ म्हणायचंच नाही, असा या क्षेत्रातला दंडक आहे. पण क्रूरपणा पुन्हा पुन्हा होत असेल, आणि समोरचा रडतोय याचं त्याला काहीच वाटत नसेल, तर मोठा झाला की सुधारेल म्हणून थांबू नका. सिव्हिलला मनोविकार विभाग आहे, फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे. पट्ट्याने फोडून काढणं हा उपाय इथे सगळ्यात कुचकामी.

## ‘घरातच असा माणूस असेल तर?’

बायका हा प्रश्न हळू आवाजात विचारतात: माझा नवरा सायकोपॅथ आहे का? मी निदान विचारूच नये असं सुचवतो. निदान कळलं तरी उद्या सकाळी करायचं तेच राहतं, आणि न कळल्याने काही अडत नाही. बघायचं ते वागणं. मारहाण वाढत चालली आहे का? जीव घेण्याची धमकी दिली का? माहेरचे, शेजारी, पैसे, फोन एकेक करून तोडले जाताहेत का? माफी मागितल्यावर वागणं खरोखर बदलतं की फक्त आवाज बदलतो?

या सगळ्यांत एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. गळा दाबणं. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्या हातून त्या बाईचा खून होण्याची शक्यता सातपटीच्या आसपास निघाली. ‘रागात धरला होता, लगेच सोडला’ म्हणून हे घरात मिटवलं जातं. तो माणूस हेअर यांच्या यादीत ३० वर आहे की १० वर, याने त्या बाईच्या धोक्यात फरक पडत नाही. ११२ वर पोलीस येतात, १८१ वर महिलांसाठीची मदत मिळते. गळ्यावर वळ दिसत नसला तरी आत सूज असू शकते, म्हणून त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन दाखवायचं, ‘नवऱ्याने गळा दाबला’ हे तोंडाने स्पष्ट सांगायचं, आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय का ते वाचून मगच तिथून निघायचं.